फिकट रेघ आणि गोल डाग

ताप आलेल्या माणसानं हे वाचायची गरज नाही. त्याला अक्षरं नाचताना दिसतील आणि वर माझाच राग येईल. हे त्याच्या उशाशी बसलेल्या माणसासाठी आहे, जो एका हातात रिपोर्ट आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून घाबरलेला असतो आणि घाबरलो नाही असं दाखवत असतो. मी बरी झाले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा जीव टांगणीला लागायला नको.

मी जाफराबादला राहते आणि शाळेत गणित शिकवते. गणिताच्या बाईला एक खोड लागते. तिला वाटतं, उत्तर एक तर बरोबर असतं नाही तर चूक. वर्गात एखादं पोरगं "बाई, थोडं बरोबर आहे का?" असं विचारतं तेव्हा मी चिडते. माझं ते चिडणं वर कुणीतरी ऐकलं असावं, कारण या आजारात मला जी जी उत्तरं मिळाली ती सगळी थोडी थोडी बरोबर होती.

महालक्ष्म्यांनंतर

आमच्याकडे महालक्ष्म्यांचा थाट मोठा. आघाडा, दूर्वा, पत्री विकत आणायची नाही, आपल्या हातानं बांधावरून तोडायची, हा आत्याबाईंचा नियम. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही दोघी शेतावर गेलो, गुडघाभर गवतात बसून गप्पा मारत पत्री तोडली, तिथंच पाय पसरून चिवडा खाल्ला. त्या गवतात माझ्यासाठी काय बसलं होतं ते तेव्हा कुणाला ठाऊक.

सण झाला, मखर उतरलं, भांडी माळ्यावर गेली आणि मग पाठ धरली. पाठोपाठ ताप. आत्याबाई म्हणाल्या, "उभ्यानं सैपाक करकरून पाठ गेली तुही. थांब, बिब्बा लावते."

बिब्बा लावण्यात आत्याबाईंचा हात गावात नावाजलेला आहे. दिव्यावर सुई तापवायची, बिब्ब्यात खुपसायची आणि सुटलेलं तेल दुखऱ्या जागी टेकवायचं. कातडी भाजते, काळी पडते, मग खाजते, आणि खाजेच्या नादात माणूस मूळचं दुखणं विसरतो, असं माझं मत. पण मत सांगायची ताकद नव्हती. मी पालथी पडले आणि त्यांनी माझ्या पाठीवर फुल्या काढल्या. पाठीला जरा बरं वाटलंसुद्धा. ताप मात्र हलला नाही.

दिसते का, नाही दिसत का

आमच्या गल्लीच्या तोंडाशी डॉक्टरांचा दवाखाना आहे. म्हातारे, शांत गृहस्थ. त्यांनी बोटाला सुई टोचली, रक्ताचे थेंब छोट्या छोट्या पट्ट्यांवर सोडले, वर औषधाचे थेंब टाकले आणि म्हणाले, "बसा. मलेरिया, डेंग्यू, टायफॉईड, सगळं इथंच कळतं आता. एक रेघ आली तर नाही, दोन आल्या तर आहे."

मला ते फार आवडलं. पूर्वी रक्त जालन्याला जायचं आणि रिपोर्ट येईपर्यंत माणूस बरा तरी व्हायचा किंवा जायचा तरी. इथं टेबलावरच हो की नाही. मलेरियाच्या पट्टीवर एक रेघ, डेंग्यूच्या पट्टीवर एक रेघ. टायफॉईडच्या पट्टीवर एक ठसठशीत रेघ आली आणि तिच्या शेजारी काहीतरी आलं.

डॉक्टरांनी पट्टी खिडकीशी नेली. मग ट्यूबलाईटखाली. मग चष्मा काढून डोळ्यांजवळ. मग माझ्यापुढे धरली. "मॅडम, तुम्हाला काय दिसतं?"

मला दिसली. माझे यजमान विलासराव हार्डवेअरचं दुकान चालवतात, खिळ्याचं माप नजरेनं सांगतात. त्यांना दिसली नाही. कंपाउंडरनं मान तिरकी करून पाहिलं आणि निकाल दिला, "थोडीशी हाय."

"थोडीशी म्हणजे काय?" मी म्हणाले. तापातही माझा आवाज वर्गातल्यासारखा निघाला.

"फिकट का होईना, आली म्हणजे आली," डॉक्टर म्हणाले. "कधी कधी ही पट्टी फसवतेही. पण लक्षणं जुळून राह्यलीत. टायफॉईड समजून चालू."

समजून चालू. हे शब्द मी तेव्हा कानाआड केले, कारण मला नाव मिळालं होतं. आजाराला नाव मिळालं की निम्मा ताप उतरल्यासारखा वाटतो. शिवाय टायफॉईड म्हटलं की सगळ्या गल्लीला काय करायचं ते पाठ असतं. मऊ भात, उकळलेलं पाणी, तेल-तिखट बंद. समोरच्या रुखसानाभाभींनी मुगाची खिचडी पाठवली आणि निरोप दिला, "बिलकुल उठू नका, आमच्या अब्बालाही झाल्ता, गेला निघून." सगळे निर्धास्त झाले. मीही झाले.

इंजेक्शनं सुरू झाली. ताप दुपारी उतरायचा आणि संध्याकाळी घर न विसरलेल्या जनावरासारखा परत दारात उभा. डोकं इतकं दुखायचं की भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवायला लावलं. अशातच एकदा परकराची नाडी बांधताना कमरेच्या पुढच्या बाजूला, नाडीच्या बरोबर खाली, काहीतरी खरखरीत लागलं. वाकून पाहिलं. काळी खपली. दुखत नव्हती, खाजत नव्हती. बिब्बा ओघळला असेल, असं म्हणून मी नाडी जरा वर बांधली.

जालना

ताप हटत नाही म्हटल्यावर म्हाताऱ्या डॉक्टरांनीच चिठ्ठी देऊन जालन्याला पाठवलं. तिथल्या दवाखान्यात मला खिडकीजवळची कॉट मिळाली. सकाळी झाडू, मग थर्मामीटर, मग चहावाला, मग सलाईन, मग पुन्हा थर्मामीटर. माझ्या शाळेचं वेळापत्रक यापेक्षा ढिलं आहे. शेजारच्या कॉटवरच्या बाई घोरायच्या, आणि खरं सांगते, त्या घोरण्याचा मला आधार वाटायचा. इथं कुणीतरी सुखानं झोपू शकतं, एवढं तरी कळायचं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भराभर बोलायच्या. त्यांनी पुन्हा बोट टोचलं, पुन्हा एक पट्टी.

"या पट्टीवरून अंगात जंतूंची लागण आहे का, याचा अंदाज येतो," त्या म्हणाल्या. "आकडा चढलेला आहे. म्हणजे बहुतेक आहे."

"कोणते जंतू?"

"ते ही पट्टी सांगत नाही."

"टायफॉईडचे?"

"असतील. पण इंजेक्शननं एव्हाना उतार पडायला हवा होता."

"मग ही पट्टी करून उपयोग काय?" मी विचारलं. ह्यांनी डोळे वटारले. डॉक्टरीणबाईंना राग आला नाही. "उपयोग एवढाच, की शोध थांबवायचा नाही हे कळतं. पट्टीला आपण जे विचारतो तेवढंच ती सांगते, मॅडम. काय विचारायचं ते आपणच ठरवायचं असतं."

वर्गात हेच मी पोरांना सांगते, की उदाहरण नीट वाचा, काय विचारलंय ते बघा. इथं उदाहरणच सापडत नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "अंगावर कुठं काळी खपली? डाग? काखेत, कमरेला?"

आता ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. पडदा अर्धाच ओढलेला, वॉर्डबॉय सलाईन बदलतोय, हे कॉटला खेटून उभे, आणि मला कमरेवरून साडी बाजूला करायची आहे. आमच्याकडच्या बायकांना हे सांगायला नको. मी म्हणाले, "आहेत ना, पण ते बिब्ब्याचे आहेत. सासूबाईंनी लावला." आणि पटकन पाठ दाखवली, कारण पाठ दाखवणं सोपं.

पाठीवरच्या फुल्या बघून डॉक्टरीणबाईंचे ओठ आवळले गेले. "शिक्षिका आहात ना तुम्ही? अहो, कातडी जाळून घेतलीय ही." आणि त्या पुढच्या कॉटकडे गेल्या. बिब्बा घालणं म्हणतात ते त्या वेळी झालं, पण कुणालाच कळलं नाही.

ह्यांना ते लागलं. व्हरांड्यात जाऊन त्यांनी घरी फोन लावला आणि आवाज मला कॉटवर ऐकू आला. "आई, तुझ्या बिब्ब्यानं विष चढलं तिला! डॉक्टरनं सांगितलं! तुला किती वेळा म्हणलो, सोड हे धंदे!"

डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. मला उठून तो फोन हिसकावून घ्यावासा वाटला. हात चादरीवरून उचलला गेला नाही.

मी कुठे होते

यापुढचे दिवस माझ्याकडे सलग नाहीत. तुकडे आहेत, आणि त्यांचा क्रम मला अजून लावता येत नाही. वरचा पंखा मला फळा वाटायचा आणि त्यावर कुणी काही लिहीत का नाही म्हणून मी रागवायची. नर्सताईंना मी माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या नावानं हाक मारून सतराचा पाढा म्हणायला लावला. त्या बिचाऱ्या म्हणाल्यासुद्धा, चुकल्या, आणि मी त्यांना उभं राहायची शिक्षा दिली. हे सगळं नंतर मला हसत हसत सांगण्यात आलं. तेव्हा कुणी हसत नव्हतं.

लघवी कमी झाली होती, डोळे पिवळे झाले होते, श्वास आखूड. किडनीवर ताण आलाय, उद्या सकाळपर्यंत फरक पडला नाही तर संभाजीनगरला हलवू, असं डॉक्टरीणबाईंनी ह्यांना सांगितलं. औषधं बदलली होती, पण नेमकं कशाशी भांडतोय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं. त्या सरळपणाबद्दल मी आज त्यांची आभारी आहे. ह्यांना मात्र तेव्हा कुणीतरी खोटं बोललेलं हवं होतं. दुकानात कुणालाही उधारी नाकारणारा हा माणूस जिन्यात बसून रडला, असं मला रुखसानाभाभींनी सांगितलं.

कारण त्या दिवशी भाभी आल्या होत्या, आणि एकट्या आल्या नव्हत्या.

"ह्यो माहा न्हाई"

फोन झाल्यापासून आत्याबाईंनी घरात दार लावून घेतलं होतं. भाभी भाकरी घेऊन जायच्या, ती तशीच परत यायची. शेवटी भाभी दारातच बसल्या. आत्याबाई म्हणाल्या, "म्या मारली पोरीला. आता कोणतं तोंड घेऊन जाऊ?"

"कोणी मारली न्हाई अजून," भाभी म्हणाल्या. "जित्ती हाय ती. चला जल्दी, जीप भरून राह्यली." आणि हाताला धरून त्यांना जीपमध्ये कोंबलं. भाभींचा आवाज आमच्या गल्लीत सगळ्यांत मोठा आहे आणि मी त्याबद्दल पूर्वी कुरकुरत असे. आता कुरकुरत नाही.

वॉर्डात ह्यांनी आईकडे बघितलं नाही. आत्याबाईंनीही त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी पडदा पूर्ण ओढला, मला पाण्याच्या फडक्यानं पुसायला घेतलं आणि घामेजलेला परकर बदलण्यासाठी नाडी सोडली. हा तुकडा मला आठवतो, कारण फडकं थांबलं आणि माझ्या पोटावर त्याचं पाणी ठिबकत राहिलं.

"विलास," आत्याबाई पडद्यातून म्हणाल्या, "ह्यो माहा न्हाई."

"काय तुझा न्हाई?"

"ह्यो डाग. म्या पाठीला लावल्ता. पोटाला काहून लावीन? अन् म्या फुली काढते, ह्यो गोल हे. माहा न्हाई ह्यो."

"आई, गप बस आता. पुरे झालं तुझं."

रुखसानाभाभी सांगतात, की त्यापुढे आत्याबाई जे करतील असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. जी बाई मुलापुढे आवाज चढवत नाही, ती पडदा सारून वॉर्डाच्या मध्यभागी गेली आणि तिथून ओरडली, "डाक्टरीणबाई! हिकडं या! मला शिव्या द्यायच्या तर मंग द्या, पण आधी बघून घ्या!"

डॉक्टरीणबाई आल्या. वाकून पाहिलं. बोटानं खपलीच्या कडेला हलकेच दाबलं. "दुखतं का?" मी मान हलवली की नाही ते आठवत नाही. मग त्यांनी आत्याबाईंना विचारलं, "आजी, तुमचा बिब्बा खाजतो ना?"

"खाजल न्हाई त काय? उततो, आग होती."

"हा खाजत नाही." आणि त्या ह्यांच्याकडे वळल्या. "शेतात, गवतात बसल्या होत्या का या?"

पुढचं भराभर झालं. पट्टीचा निकाल यायची वाट न बघता त्यांनी गोळी सुरू करायला लावली. साधी, जुनी, कुठल्याही मेडिकलवर मिळणारी गोळी. मग बोटाला सुई, आणि यावेळी वेगळी पट्टी, जी त्या सरसकट सगळ्यांना लावत नाहीत. ह्यांनी श्वास रोखून बघितलं. दोन रेघा आल्या. खिडकीशी न्यायची गरज पडली नाही, कंपाउंडरला विचारायची गरज पडली नाही. खिळ्याएवढ्या ठळक.

स्क्रब टायफस. गवतातला, डोळ्यांना जेमतेम दिसणारा किडा चावतो, चावलेल्या जागी काळी खपली धरते, आणि त्याचे जंतू अंगभर पसरतात. एवढंच मला समजलं आणि एवढंच तुम्हाला सांगते, बाकी डॉक्टरांना विचारा. गोळी पोटात गेल्यावर ताप उतरला तो असा, की मी डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला, "माझा तपासायच्या पेपरांचा गठ्ठा कुठंय?" ह्यांनी तोंडावर रुमाल धरला.

जे मला सांगायचं आहे

बिब्बा लावू नका, असं सांगायला मी बसलेले नाही, ते डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. या पट्ट्या खोट्या असतात असंही मी म्हणत नाही. उलट एका थेंबात, टेबलावर, गरिबाला परवडेल असं उत्तर मिळतं हे मोठंच काम आहे. पण ताप औषधाला जुमानत नसेल तर फिकट रेघेवर गाडी थांबवू नका. अंगावरची प्रत्येक खपली दाखवा, लाज वाटली तरी. आणि आजाऱ्याच्या अंगाला ज्याचा ज्याचा हात लागलाय, त्याला आधी विचारा, रागवायचं ते नंतर.

शेजारीपाजारी अजून टायफॉईडच म्हणतात. मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

एकच रेघ

घरी आल्यावर मी भाकरीचा चतकोर खायला लागले, मग अर्धी, मग पूर्ण. आत्याबाई मात्र चतकोरावरच होत्या. मला न्हाऊ घालायच्या, पाठीला तेल लावायच्या, आणि ताटावर बसलं की, "मला न्हाई भूक." मी त्यांना समजावलं, "आत्याबाई, तुम्ही नसत्या तर मी नसते. तो किडा होता, गवतातला." त्या मान हलवायच्या. मुलानं फोनवर जे म्हटलं होतं ते त्यांच्या मनातून निघत नव्हतं. ह्यांनी माफी मागितली नाही, आमच्याकडे मुलगे आईची माफी मागत नाहीत. एकदा केळी आणून पुढ्यात ठेवली. त्यांनी ती मला दिली.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा दाखवायला बोलावलं तेव्हा आत्याबाई स्वतःहून तयार होऊन बसल्या. मला तपासून झालं, सगळं ठीक निघालं, आम्ही उठलो, तरी त्या खुर्चीतच.

"आजी, काही विचारायचंय?"

आत्याबाईंनी पदर सावरला. एरवी त्या डॉक्टरांपुढे बोलत नाहीत. "बाई, त्या पट्टीवर..." त्या थांबल्या. "त्या पट्टीवर माह्या बिब्ब्याचं काई आल्तं का?"

मी तोंड उघडलं. गणिताच्या बाईच्या जिभेवर उत्तर तयारच होतं, की पट्टी असलं काही तपासतच नाही, तिला विचारलं तेवढंच ती सांगते. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड मिटलं.

त्यांनी माझी फाईल उघडली. पानं उलटली. एका पानावर बोट ठेवून नीट वाचल्यासारखं केलं.

"नाही आजी. बिब्ब्याचं काही आलं नाही."

"एकच रेघ?"

"एकच रेघ."

"फिकट दुसरी बी न्हाई?"

"फिकटसुद्धा नाही."

आत्याबाई उठल्या. बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला वाटलं, झोपल्या. भोकरदनच्या स्टँडवर गाडी थांबली, खाली गाड्यावर कुणी भजी तळत होतं, आणि त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला.

"सुनंदा," त्या म्हणाल्या, "लई भूक लागली गं."